उत्पत्तीचे सहा दिवस कसे वाचायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत मी गेली वीस वर्षं संडे स्कूल आणि तरुणांचा शास्त्राभ्यास घेते. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय, देवाने सहा दिवसांत जग निर्माण केलं ती कथा, दरवर्षी येतो आणि त्याच्याबरोबर तेच प्रश्नही येतात. काही जण वर्गात हात वर करून विचारतात, काही जण उपासनेनंतर जिन्यात थांबवून, हळू आवाजात. जिन्यातले प्रश्न जास्त जिवाला लागलेले असतात. ते सगळे आणि मी देते ती उत्तरं इथे लिहिली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते माझं म्हणूनच सांगितलं आहे.

वाद नेमका कशावरून आहे?

जग देवाने निर्माण केलं यावर आमच्या वर्गात वाद नाही. कसं केलं, किती काळात केलं आणि हा अध्याय ते सांगायला लिहिला आहे का, यावर आहे. काहींच्या मते सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचेच सहा दिवस आणि पृथ्वीचं वय काही हजार वर्षं. काही म्हणतात, एकेक दिवस म्हणजे एकेक युग. पहिल्या आणि दुसऱ्या वचनाच्या मध्ये प्रचंड काळ गेला, असं तिसरं मत. स्कॉटलंडचे थॉमस चामर्स यांनी ते १८१४ च्या सुमाराला मांडलं आणि पुढे १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमुळे ते घरोघरी पोचलं. चौथं मत असं की सहा दिवस ही लेखकाने अर्थासाठी केलेली मांडणी आहे, कालक्रमाची नोंदवही नव्हे. मी या चौथ्या मताची आहे. माझ्या वर्गात चारही मतांची माणसं बसतात आणि एकाच भाकरीत सहभागी होतात.

उत्पत्तीत निर्मितीच्या खरंच दोन गोष्टी आहेत?

हो. दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. १:१ (म्हणजे पहिला अध्याय, पहिलं वचन) ते २:३ एका रंगाने अधोरेखित करा, २:४ पासून दुसऱ्या अध्यायाच्या शेवटापर्यंत दुसऱ्या रंगाने. पहिल्या भागात आधी वनस्पती, मग मासे आणि पक्षी, मग जनावरं, आणि सर्वांत शेवटी माणूस, नर आणि नारी एकदमच. दुसऱ्या भागात शेतात झुडूपही उगवलेलं नसताना आधी पुरुष घडतो. मग बाग, मग पशुपक्षी, आणि शेवटी स्त्री. पहिल्या भागात 'देव' म्हटलंय, दुसऱ्यात 'परमेश्वर देव'. पहिल्यात देव बोलतो आणि होतं. दुसऱ्यात तो हात मातीत घालतो.

हे मला समजावून सांगून समजलं नव्हतं. एकदा मुलांना घेऊन धारावीच्या कुंभारवाड्यात गेले होते. एक काका चाकावर मडकं उचलत होते. डाव्या हाताची बोटं आतून, उजव्याची बाहेरून, आणि मधली माती कागदासारखी पातळ होत वर चढत होती. मडकं उतरवल्यावर आत वाकून पाहिलं, तर त्यांच्या बोटांच्या गोल रेघा तशाच उमटलेल्या. उत्पत्ती २:७ मध्ये माणूस 'घडवला' यासाठी जे हिब्रू क्रियापद आहे, तेच कुंभाराच्या कामाला वापरतात. आणि 'आदाम' हा शब्द 'अदामा' म्हणजे जमीन, माती, याच्याशी बांधलेला आहे. मराठीत आपण सहज म्हणतो, माती मातीला मिळाली. हिब्रू वाचकाला ते नावातच ऐकू येतं.

दोन्ही गोष्टींचा मेळ घालणारे म्हणतात की दुसरा अध्याय म्हणजे सहाव्या दिवसाचंच जवळून केलेलं वर्णन. हे वाचन प्रामाणिक आहे, मी ते खोडून काढत नाही. पण क्रमातला फरक आपल्याला दिसतो तसा ज्याने या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या त्यालाही दिसत होता, आणि तरी त्याने एकीला कापून दुसरीत बसवली नाही. क्रम हाच त्याचा मुद्दा असता तर त्याने त्या अशा शेजारी ठेवल्या नसत्या, असं मला वाटतं.

'दिवस' म्हणजे चोवीस तासच ना?

हिब्रू शब्द 'योम'. मराठी 'दिवस' जसा चौफेर फिरतो तसाच तोही फिरतो. आपण म्हणतो दिवस मावळला, दिवस पालटले, तिला दिवस गेलेत, त्यांचे दिवस घातले. प्रत्येक वेळी अर्थ वेगळा, आणि तो वाक्यच सांगतं. पहिल्या अध्यायात १:५ मध्ये उजेडाला 'योम' म्हटलंय, म्हणजे रात्र सोडून उरलेला भाग. त्याच वचनात संध्याकाळ आणि सकाळ मिळूनही 'योम'. आणि २:४ मध्ये मूळ हिब्रूत सगळी निर्मितीच एका 'योम'मध्ये येते.

एवढ्यावर युगवाले खूश होतात आणि २ पेत्र ३:८ काढतात: प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा. पण त्या वचनाचा विषय प्रभूचा धीर हा आहे, उत्पत्तीचं गणित नव्हे. शिवाय 'योम'ला पहिला, दुसरा असा क्रमांक लागला आणि सोबत संध्याकाळ-सकाळ आली की वाचणाऱ्याच्या मनात साधा दिवसच उभा राहतो. इथे चोवीस तासवाल्यांची बाजू मला भक्कम वाटते. निर्गम २०:११ ही त्यांच्या बाजूने आहे: सहा दिवस काम कर, कारण परमेश्वराने सहा दिवसांत सारं केलं.

म्हणून मी 'दिवस' या शब्दाला ओढूनताणून युग करत नाही. शब्द साधाच आहे. मला विचारायचं असतं ते पूर्ण आठवड्याबद्दल: देवाच्या कामाला माणसाच्या कामाच्या आठवड्याचा आकार लेखकाने का दिला?

सूर्य चौथ्या दिवशी झाला. मग पहिल्या तीन संध्याकाळी कशा मोजल्या?

हा प्रश्न आजच्या विज्ञानाने आणलेला नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने तो विचारला होता: सूर्य-चंद्र नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस झाला असं कोणता शहाणा माणूस शब्दशः धरेल? पाचव्या शतकात ऑगस्टिनने तर निर्मिती एका क्षणात झाली आणि दिवस आपल्या समजुतीसाठी आहेत, असं लिहिलं. त्यांच्याच परंपरेतला चौथ्या शतकातला बाझील मात्र दिवस साधे दिवसच मानत होता. म्हणजे मंडळी पहिल्यापासून एकमताची नव्हती, आणि डार्विन जन्माला यायला तेव्हा चौदा-पंधराशे वर्षं अवकाश होता. शब्दशः न वाचणं ही विज्ञानाला घाबरून केलेली माघार आहे, असं कोणी म्हणालं तर ही नावं सांगा.

आता अध्याय दोन रकान्यांत लिहून पाहा. डावीकडे पहिले तीन दिवस: उजेड, आकाश आणि पाणी, जमीन आणि हिरवळ. उजवीकडे पुढचे तीन: ज्योती, पक्षी आणि मासे, पशू आणि माणूस. पहिल्याला चौथा, दुसऱ्याला पाचवा, तिसऱ्याला सहावा. आधी घरं बांधली, मग त्यांत राहणारे आले. आरंभी पृथ्वी 'आकारविरहित व शून्य' होती. डावा रकाना आकार देतो, उजवा शून्य भरून काढतो.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. चौथ्या दिवशी लेखक 'सूर्य' आणि 'चंद्र' ही नावंच घेत नाही. मोठी ज्योती, लहान ज्योती, एवढंच. आजूबाजूच्या राष्ट्रांत सूर्य आणि चंद्र देव होते, त्यांच्यापुढे माणसं लोटांगण घालत. इथे ते दिवे आहेत, टांगलेले, कामाला लावलेले.

ही कथा बाबेलच्या लोकांकडून उचलली आहे का?

आजच्या मोसूलजवळच्या निनवे शहरात असुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातून मातीच्या पाट्या निघाल्या आणि जॉर्ज स्मिथ यांनी १८७६ मध्ये त्यांतली निर्मितीकथा प्रसिद्ध केली. तीत मर्दुक हा बाबेलचा देव तियामत या जलदेवीला मारतो, तिचं शरीर दुभंगतो आणि अर्ध्याचं आकाश करतो. माणूस घडतो तो एका मारलेल्या देवाच्या रक्तातून, देवांचे कष्ट उपसायला. उत्पत्ती १:२ मधल्या खोल पाण्याला हिब्रूत 'तेहोम' म्हणतात, आणि भाषेचे अभ्यासक तो शब्द 'तियामत'शी नात्याचा मानतात.

साम्य आहेच, ते लपवण्यात अर्थ नाही. पण उत्पत्तीतलं पाणी लढत नाही, कोणाचं रक्त सांडत नाही, आणि माणूस वेठबिगार म्हणून घडत नाही. तो देवाच्या प्रतिरूपाचा आहे. शेजाऱ्यांची गोष्ट ठाऊक असलेल्या माणसाने तिला दिलेलं हे उत्तर आहे, असं मी वाचते. ते वाचल्यावर पहिला अध्याय मला आधीपेक्षा जास्त धाडसी वाटायला लागला.

सहा हजार वर्षं हा आकडा बायबलमध्ये कुठे आहे?

कुठेच नाही. वंशावळ्यांतली वयं जोडून तो काढला आहे. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये इसवी सनपूर्व ४००४ हे वर्ष ठरवलं, आणि १७०१ पासून ती साल इंग्रजी बायबलच्या समासात छापली जाऊ लागली. समासातलं छापील लोकांनी वचनासारखं मानलं. यहूदी कालगणना त्याच वंशावळ्यांवरून इसवी सनपूर्व ३७६१ वर येते. जुन्या ग्रीक भाषांतरात वयं वेगळी असल्यामुळे ती बेरीज इसवी सनपूर्व साडेपाच हजारांच्या आसपास जाते.

मुंबईचे दगड किती जुने? त्याचा इथे काय संबंध?

अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. इमारतींच्या मधोमध साधारण दोनशे फूट उंच काळा खडक उभा; माथ्यावर गावदेवीचं देऊळ. जवळ गेलात तर दिसतं की हा एक सलग दगड नाही. उभे, कोनदार खांब एकमेकांना घट्ट चिकटून उभे आहेत, वह्यांचा गठ्ठा उभा करून ठेवावा तसे. लाव्हा हळूहळू थंड होताना आकसतो आणि अशा भेगा पडतात. दख्खनच्या या बेसाल्टचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं निघतं. ते असं काढतात: खडकातल्या पोटॅशियमचा एक प्रकार अतिशय संथपणे बदलत असतो आणि त्याच्या काही भागाचा आरगॉन वायू होतो, निम्मा बदलायला १२५ कोटी वर्षं लागतात, किती बदलला ते मोजलं की वेळ कळते.

माझ्यासाठी त्याहून बोलका पुरावा वरळीचा. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये तिथे गाळाचा थर आहे आणि त्यात छोट्या बेडकांचे सांगाडे सापडले. 'डायनोसॉर' हा शब्द ज्यांनी घडवला त्या रिचर्ड ओवेन यांनीच १८४७ मध्ये या बेडकाचं वर्णन केलं. विचार करा: एक लाव्हा आला, थंड झाला, वर पाणी साचलं, गाळ बसला, बेडूक वसले, पिढ्या गेल्या, आणि मग त्यावर पुन्हा लाव्हा. यंत्राशिवायही कळतं की याला अवधी लागला. हे वरळीच्या टेकडीचं सांगणं आहे, आणि टेकडीही देवाच्याच हातची.

देवाने जग मुळातच जुनं दिसेल असं केलं असेल तर?

फिलिप गॉस या इंग्रज निसर्ग अभ्यासकाने १८५७ मध्ये हेच मांडलं. ते खोटं ठरवता येत नाही, हे खरं. पण मग वरळीचा बेडूक कधी जगलाच नाही, फक्त मेलेला निर्माण झाला, असं मानावं लागतं. देव असा बनाव रचत नाही, असा माझा विश्वास आहे.

कॅथलिक मंडळी काय मानते?

वांद्र्याच्या आणि वसईच्या नातेवाइकांशी लग्नघरात गप्पा झाल्या की हा विषय निघतोच. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये सांगितलं की मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला हरकत नाही, आत्मा मात्र थेट देवाकडून. १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल म्हणाले की उत्क्रांती आता निव्वळ गृहीतकापेक्षा जास्त आहे. आणि विश्वाला आरंभ होता, ते प्रसरण पावत आलं, हे मांडणाऱ्यांत आघाडीवर होते बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र, स्वतः धर्मगुरू. आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत असं एक केंद्र नाही, म्हणून पाळक बदलले की उत्तर बदलतं.

यहूदी लोक हे कसं वाचतात? पुस्तक मुळात त्यांचंच ना?

अकराव्या शतकातले थोर भाष्यकार राशी पहिल्याच वचनावर लिहितात की हा मजकूर निर्मितीचा क्रम शिकवायला आलेला नाही. दुसरीकडे, शब्दशः मानणारेही त्यांच्यात आहेत.

पण आपल्याजवळचं उदाहरण बेने इस्राएल लोकांचं आहे, जे घरात मराठी बोलतात आणि ज्यांचं सभास्थान मांडवीत १७९६ पासून आहे. कोकणात त्यांचे पूर्वज तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. गावाने त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातला विसाव्याचा सातवा दिवस ते घाणा थांबवून वाचत होते.

'आपापल्या जातीप्रमाणे' असं लिहिलंय. म्हणजे जाती देवाने केल्या?

नाही. हा प्रश्न 'जात' या शब्दामुळे पडतो, आणि ज्यांच्या घराने जातीचे चटके सोसले आहेत त्यांना तो खोल पडतो, म्हणून स्पष्ट सांगते. मूळ शब्द 'मीन', म्हणजे प्रकार. तो गवत, झाडं, मासे, पक्षी, जनावरं यांना लावलाय. माणसाची पाळी येते तेव्हा तो शब्द गळतो. माणूस कुठल्या 'जातीप्रमाणे' घडत नाही. तो देवाच्या प्रतिरूपाचा घडतो, आणि भेद सांगितलाय तो फक्त नर आणि नारी एवढाच. चोवीस तासवाले असोत की युगवाले, या वचनावर आमचं एकमत आहे. वर्गात मी हे दोनदा वाचून घेते.

आदाम एकच माणूस होता की सगळी मानवजात?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. दिवसांचा वाद सोडवता येतो, हा मनात राहतो. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल आदाम आणि ख्रिस्त यांना समोरासमोर ठेवतो. लूक येशूची वंशावळ आदामापर्यंत नेतो. म्हणून अनेकांना वाटतं, आदाम खरा माणूस नसेल तर तारणाचा पायाच निसटेल. उलट बाजूला, आजच्या माणसांतली आनुवंशिक विविधता फक्त दोन व्यक्तींपासून आली असं दिसत नाही; पूर्वज हजारोंच्या समूहात होते असं संशोधक सांगतात. यातून काही जण आदामाला अनेकांतून निवडलेला प्रतिनिधी मानतात, काही जण त्याच्यात प्रत्येक माणसाची गोष्ट वाचतात. मला दुसरं वाचन जवळचं आहे, कारण झाडामागे लपणारा तो माणूस मी स्वतःत रोज पाहते. पण आदाम खरा माणूसच होता असं धरणाऱ्याची तळमळ मला समजते, आणि तिला उत्तर देताना मी घाई करत नाही.

आदामाचा मुलगा काइन, त्याला बायको कुठून मिळाली?

मजकूर सांगत नाही. ५:४ मध्ये आदामाला आणखी मुलगे आणि मुली झाल्याचं आहे, म्हणून पारंपरिक उत्तर 'बहीण' किंवा 'भाची'.

माझ्या मुलीला दहावीला उत्क्रांती आहे. तिने पेपरात काय लिहावं?

जे पुस्तकात आहे ते, नीट समजून. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे.

हे मी ठामपणे लिहिते त्याला कारण आहे. आमच्या मंडळीतली एक मुलगी एका शिबिराला गेली होती. तिथल्या वक्त्याने मुलांना सांगितलं, उत्क्रांती लिहिलीत तर येशूला नाकारलंत. पूर्वपरीक्षेचा पेपर घेऊन तिची आई माझ्याकडे आली. सगळी उत्तरं सुवाच्य, आणि मध्ये एक प्रश्न क्रमांक घालून सहा ओळी कोऱ्या सोडलेल्या. बाजूला शिक्षकांचं लाल शून्य. त्या पोरीला उत्तर येत होतं. तिने मला तोंडी घडाघडा सांगितलं आणि मग विचारलं, "बाई, हे बोलले म्हणजे पाप झालं का?"

मला त्या रात्री झोप लागली नाही. चोवीस तास मानणं हे पाप नाही, पण लेकराच्या मानेवर असं जोखड ठेवणं मला सहन होत नाही. बोर्डाच्या परीक्षेआधी आम्ही तो धडा शेजारी बसून वाचला आणि पहिलं स्तोत्र म्हणून उठलो. पुढे तिने विज्ञान शाखाच घेतली.

'पृथ्वी सत्तेखाली आणा' असं देवच म्हणतो. मग झाडं तोडली तर काय बिघडलं?

१:२८ एकटं वाचू नका, दुसरा अध्याय त्याच्याजवळच ठेवला आहे. २:१५ मध्ये माणसाला बागेत ठेवलं ते तिची 'मशागत व राखण' करायला. राखण म्हणजे काय ते शेत राखणाऱ्याला विचारा: रात्रभर मचाणावर जागणं. मिठी नदीत कचऱ्याची पिशवी भिरकावणाऱ्या हातात उत्पत्तीचं वचन शोभत नाही.

सगळे सहा दिवसांवर भांडतात. सातव्याचं काय?

हा प्रश्न मला वीस वर्षांत एकदाच कोणी विचारला, तरी तो इथे घेते. पहिल्या सहा दिवसांना संध्याकाळ आणि सकाळ आहे, सातव्याला नाही. तो मिटवलेलाच नाही. सगळा अध्याय त्याच्याकडे चालत आलेला आहे. आणि शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा दोनदा येते, दोन कारणं घेऊन: निर्गम २० मध्ये देवाने विसावा घेतला म्हणून, अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तुम्ही मिसरात गुलाम होता म्हणून. गुलामाला सुट्टी नसते.

गिरणगावाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर, १० जून १८९० पासून. त्यांनी रविवार मागितला तो खंडोबाचा वार म्हणून. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. शनिवारी रात्री ते पांढरा सदरा खिडकीच्या गजाला वाळत घालत आणि सकाळी तो घालून उपासनेला जात. खंडोबाच्या वाराने त्यांना प्रभूचा दिवस दिला. मी सातव्या दिवसावर शिकवते तेव्हा तो सदरा माझ्या डोळ्यांपुढे असतो.

घरात किंवा मंडळीत यावरून वाद पेटला तर?

पेटू द्या, पण समोरासमोर. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी आठवड्यामागून आठवडे जाहीर वाद घालत, लोक ऐकायला जमत, आणि त्या चर्चा नंतर पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. परधर्मीयांशी एवढं बोलता येत होतं, तर मेजाभोवती बसलेल्या भावाबहिणींशी का नाही? आमचा नियम एकच: समोरच्याचं मत आधी असं मांडायचं की तो म्हणेल, "हो, हेच म्हणतोय मी." मग आपलं. हे जमायला बहुतेकांना तीन-चार रविवार लागतात.

अभ्यासाला यायचंय. काय आणू?

बायबल, कुठल्याही भाषांतराचं, आणि दोन रंगांच्या पेन्सिली. नवीन बायबलवर रेघा मारायला जीव होत नसेल तर पहिल्या तीन अध्यायांची झेरॉक्स आणा. लहान मुलं सोबत असतील तर त्यांनाही घेऊन या. डायनोसॉर कितव्या दिवशी झाले हे कोणीतरी विचारतंच, आणि मग गिल्बर्ट हिलला जायचा दिवस ठरतो.